गॅलरीतली पहिली लागवड: मेथी-कोथिंबिरीचा ट्रे की मिरचीची कुंडी?

जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडच्या बाजूच्या सदनिकांना जी गॅलरी मिळते, तिच्यात कपड्यांची दोरी, पाण्याचे पिंप आणि एखादी खुर्ची ठेवल्यावर लागवडीसाठी उरणारी जागा फारच थोडी असते. त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्यासमोर ‘काय काय लावावे’ यापेक्षा ‘आधी काय लावावे’ हाच खरा प्रश्न असतो. बहुतेकांचे मन दोन पर्यायांमध्ये घुटमळते. एक म्हणजे पसरट ट्रेमध्ये मेथी, कोथिंबीर, पालक पेरणे, आणि दुसरा म्हणजे खोल कुंडीत मिरचीचे (किंवा टोमॅटो-वांग्याचे) रोप लावणे. मी हे दोन्ही प्रकार आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या, पश्चिमेकडे तोंड असलेल्या गॅलरीत पुष्कळ काळ केलेले आहेत. कुंडीला खाली छिद्र हवे, ऊन हवे, खत कुजलेले हवे, या गोष्टी वाचकांना ठाऊक आहेत असे गृहीत धरून पुढचे लिहीत आहे.

पालेभाजीची बाजू आधी मांडतो, कारण ती पहिल्या भेटीत अधिक मोहक आहे. स्वयंपाकघरातल्या डब्यातली मेथी रात्रभर भिजवून पेरली की तीन-चार दिवसांत अंकुर दिसू लागतात आणि साधारण महिनाभरात भाजी हाताशी येते. कोथिंबिरीला थोडा धीर लागतो. धने हलक्या हाताने रगडून त्यांचे दोन भाग करून पेरले, तरी उगवण दिसायला आठ ते बारा दिवस जातात. मातीचा थर वीतभरही नसला तरी चालतो आणि तीन-चार तासांचे ऊन पुरते. गॅलरी उत्तरेकडे असेल, तर तिथे मिरची रोडावेल पण पालक बऱ्यापैकी वाढेल. मुलांना किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना रोज काहीतरी घडताना पाहण्याचा जो आनंद असतो, तो मेथीइतका लवकर दुसरे कोणतेही पीक देत नाही, हे मान्य करावेच लागते.

मात्र हिशेब थोडा पुढे नेला की एक अडचण लक्षात येते. दोन फुटी ट्रेमधून फार तर एका वेळची भाजी निघते, आणि गॅलरीतली मेथी ज्या नोव्हेंबर-डिसेंबरात सर्वांत छान येते, त्याच दिवसांत लक्ष्मी मंडईत मेथीच्या जुड्यांचे ढीग लागलेले असतात आणि विकणारी बाई एकावर दुसरी जुडी आग्रहाने देत असते. उलट एप्रिल-मेमध्ये, जेव्हा कोथिंबिरीची मरतुकडी जुडी घेतानाही मन कचरते, तेव्हा आपल्या ट्रेमधली कोथिंबीर उन्हाने घाबरून, हाताएवढी होण्याआधीच फुलावर जाते. पाने बारीक होतात, देठ जून होतात आणि चवही उतरते. बाजारात महाग असते तेव्हा घरीही येत नाही, आणि घरी येते तेव्हा बाजारातही स्वस्त असते, असा हा व्यवहार आहे. उन्हाळ्यात मेथीऐवजी माठ, राजगिरा किंवा अंबाडी पेरावी, हा त्यावरचा चांगला उपाय आहे. अंबाडी तर आपल्या उन्हाला सहसा दाद देत नाही, आणि ज्यांच्या घरी ज्वारीच्या भाकरीबरोबर तिची भाजी आवडीने खाल्ली जाते, त्यांनी तो ट्रे जरूर ठेवावा. पण नवशिक्याच्या मनात असते ती कोथिंबीरच.

पाण्याचाही मुद्दा आहे. उजनीचे पाणी नळावाटे शहरात येत असले तरी अनेक भागांत ते रोज येत नाही, आणि पिंपातले शेवटचे पाणी कुणासाठी वापरायचे हा प्रश्न मे महिन्यात पुष्कळ घरांना पडतो. उथळ ट्रेमधली माती 40 अंशांच्या पुढच्या उन्हात सकाळी भिजवली तरी दुपारपर्यंत कोरडी होते, आणि एक दिवस चुकला की पालेभाजी उठत नाही. मिरचीचे रोपही दुपारी मान टाकते, पण खोल कुंडीत मुळांना ओल सापडत असल्याने संध्याकाळी पाणी मिळताच ते बहुधा पुन्हा ताठ होते. इथे मातीविषयी एक गोष्ट सांगून ठेवतो. शेतात सोने असलेली आपली काळी माती कुंडीत मात्र तापदायक ठरते. वाळली की ती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि घातलेले पाणी मधल्या मुळांना न भिजवता कडेच्या फटीतून सरळ खाली निघून जाते. एक भाग हलकी माती, एक भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट असे मिश्रण केल्यास दोन्ही पर्यायांना चालते.

इथवर पाहिले तर पारडी जवळजवळ सारखी आहेत. माझ्यापुरता निर्णय ज्या गोष्टीने झाला, ती कोणत्याही बागकामाच्या माहितीपत्रकात सहसा आढळत नाही. ती म्हणजे कबुतरे.

आपल्याकडे गच्चीवर आणि चौकात पारव्यांसाठी ज्वारीचे दाणे टाकणाऱ्या श्रद्धाळू मंडळींची कमतरता नाही, आणि त्या पुण्याचा उरलेला भाग आसपासच्या गॅलऱ्यांच्या वाट्याला येतो. ओलसर, भुसभुशीत मातीने भरलेला पसरट ट्रे म्हणजे कबुतराच्या दृष्टीने आयती गादी असते. पेरल्याबरोबर ती मातीत चोच घालून मेथीचे दाणे वेचतात, जे दाणे वाचतात त्यांचे अंकुर दोन पाने फुटताच खुडतात, आणि खाण्यासारखे काही उरले नाही तर नुसती बसून माती दडपून टाकतात. चार काटक्या आणून अंडी घातली, की मग तो ट्रे हलवणे घरातल्या कुणालाच प्रशस्त वाटत नाही आणि महिनाभर गॅलरी त्यांच्या नावावर होते. जुन्या चकचकीत सीडी टांगणे, प्लास्टिकच्या पिशव्यांची फडफड, खेळण्यातला साप, हे सगळे उपाय आमच्याकडे झाले. कबुतरे पहिले एक-दोन दिवस बिचकतात आणि नंतर त्याच दोरीवर बसून घुमू लागतात.

ट्रेवर जाळी बांधणे हा खात्रीचा उपाय आहे, याबद्दल वाद नाही. परंतु पालेभाजी हे रोज थोडे थोडे तोडण्याचे पीक आहे. सकाळी पोह्यांवर घालायला चार काड्या हव्या असतील, तर जाळीच्या गाठी सोडा, जाळीच्या छिद्रांतून वर आलेले शेंडे न तुटता मोकळे करा, आणि पुन्हा सगळे बांधा, हा उपद्व्याप गॅसवरची कढई तापत असताना कोणी करीत नाही. शिवाय जी गोष्ट मला सर्वांत जास्त खटकली ती स्वच्छतेची. कोथिंबीर आपण बहुतेक वेळा कच्चीच खातो, तिची पाने बारीक आणि चिरलेली असतात, आणि जमिनीलगतच्या त्या पानांवर विष्ठा पडलेली असेल तर ती कितीही पाण्यातून काढली तरी मनाची खात्री होत नाही. घरची, बिनफवारणीची भाजी खावी म्हणून हा खटाटोप करायचा आणि शेवटी ती ताटात घेताना हात अडखळायचा, हे मला पटेनासे झाले. कदाचित हा माझ्या स्वभावाचा दोष असेल. ज्यांच्या इमारतीत कबुतरे नाहीत, किंवा ज्यांनी संपूर्ण गॅलरीलाच जाळी बसवून घेतली आहे, त्यांना हा परिच्छेद गैरलागू वाटेल आणि ते योग्यच आहे.

मिरचीच्या बाबतीत हा त्रास पुष्कळ कमी होतो. बी पेरण्याऐवजी रोपवाटिकेतून वीतभर उंचीचे रोप आणून दहा-बारा इंची कुंडीत लावले, आणि उघडी माती नारळाच्या शेंड्यांनी किंवा मुठीएवढ्या दगडांनी झाकली, की कबुतराला उकरायला माती उरत नाही आणि ऐसपैस बसायला जागाही उरत नाही. शेंड्यांमुळे माती लवकर सुकत नाही, हा वरचा लाभ. फळे पानांच्या आडोशाला लोंबतात आणि गुळगुळीत सालीची मिरची धुवायला सोपी असते. ‘ज्वाला’ जातीच्या लांब, सुरकुतलेल्या मिरच्या किंवा ‘फुले ज्योती’च्या घोसातल्या मिरच्या, यांपैकी जे रोप मिळेल ते चालेल. रोप लावल्यापासून दोन-अडीच महिन्यांत तोडणी सुरू होते, आणि दोन-तीन कुंड्या असल्या तर छोट्या कुटुंबाच्या फोडणीपुरत्या मिरच्या बरेच दिवस निघत राहतात. खर्ड्यासाठी मात्र मंडईतूनच आणाव्या लागतील, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

मिरचीची स्वतःची दुखणी आहेतच. ऊन कडक झाले की फुले गळतात आणि एप्रिल-मेमध्ये झाड नुसतेच उभे राहते. अशा वेळी त्याला दुपारच्या उन्हातून आत ओढावे किंवा वर हिरवी शेडनेट धरावी, आणि पहिल्या पावसानंतर हवा निवळली की शेंडे छाटून मूठभर गांडूळखत द्यावे. बहुतेक झाडे नव्याने फुटतात आणि वर्षभराहून अधिक काळ टिकतात. दुसरे दुखणे पाने आकसण्याचे, म्हणजे चुरडा-मुरडा. पानांच्या कडा वरच्या बाजूला वळल्या असतील तर बहुधा फुलकिड्यांचा उपद्रव असतो आणि खाली वळल्या असतील तर कोळी नावाच्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या किडीचा. एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारले, आणि आठवड्याने पुन्हा फवारले, तर सुरुवातीच्या अवस्थेत ते आटोक्यात येते. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा विषाणू असेल आणि झाड पूर्ण खुजे, गुंतवळ्यासारखे झाले असेल, तर ते उपटून टाकण्यावाचून इलाज नाही. हे सगळे वाचताना मिरची अवघड वाटू शकते. पण हे त्रास हंगामी आहेत, कबुतरे बारमाही.

टोमॅटो आणि वांगे यांना मी पहिल्या वर्षासाठी सुचवणार नाही. टोमॅटोला हिवाळ्यात बहर येतो, परंतु दिवसाचे तापमान 35 अंशांच्या वर गेले की फळधारणा जवळजवळ थांबते, आणि पाणी कधी भरपूर कधी नाही असे झाले तर फळाचे बूड काळे पडते. आपल्या नळाच्या वेळापत्रकात हे टाळणे कठीणच. वांग्याला शेंडा आणि फळ पोखरणारी अळी लागते, आणि औषध न मारता तिच्याशी लढणे नवशिक्याचे काम नव्हे.

सुगंधी वनस्पतींपैकी गवती चहा आणि पानओवा ही दुर्लक्ष सहन करणारी झाडे आहेत आणि कबुतरांनाही त्यांच्यात रस नसतो, म्हणून ती मिरचीच्या शेजारी खुशाल ठेवावीत. पुदिना बाजारातल्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवून, मुळ्या फुटल्यावर लावता येतो. त्याला सकाळचे ऊन आणि दुपारची सावली हवी, आणि तो पसरणारा असल्याने कुंडी स्वतंत्र हवी.

फळझाडांविषयी थोडे सांगतो. सोलापूरकराच्या डोळ्यांपुढे आधी डाळिंबच येते. 2016 मध्ये सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच शहरात आहे, आणि ‘भगवा’ जातीची कलमे सहज मिळतात. तरीही तेल्या रोग, फळ पोखरणारी अळी आणि अनियमित पाण्याने तडकणारी फळे, हे सगळे जिथे अनुभवी बागायतदारांना जड जाते, तिथे गॅलरीत ते निभेल असे मला वाटत नाही. लाल फुलांच्या शोभेसाठी लावायचे तर गोष्ट वेगळी. खाण्यासाठी एकच झाड ठेवायचे असेल तर सोळा ते अठरा इंची कुंडीत कागदी लिंबाचे कलम लावावे. बियांपासून केलेले झाड पाच-सहा वर्षे नुसती पाने दाखवते. कलम बरेच लवकर फळते. पाने कुरतडणाऱ्या, पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या हाताने वेचल्या की बहुतेक काळजी मिटते.

गॅलरी उत्तरेकडे असेल, ऊन चार तासांहून कमी असेल आणि जाळी आधीच बसवलेली असेल, तर ऑक्टोबरमध्ये मेथी-पालकापासूनच सुरुवात करावी. तिथे मिरचीचा आग्रह धरणे मलाही बरोबर वाटणार नाही. बाकीच्यांनी जून-जुलैमध्ये, पहिला पाऊस होऊन उन्हाचा कडाका मोडल्यावर, मिरचीची दोन रोपे आणावीत. रोपवाटिकेत आधीच फुले-फळे धरलेले मोठे रोप मोहात पाडते, पण त्याऐवजी पाच-सहा पानांचे, जाड बुंध्याचे आणि पाने सपाट असलेले रोप निवडावे, पानांची खालची बाजू उलटून पाहावी, आणि कुंडीत लावताना त्याच दिवशी माती झाकून टाकावी. ‘उद्या झाकू’ असे म्हटले की सकाळपर्यंत कबुतरांनी काम उरकलेले असते.