रिकामं थिएटर की भरलेलं? तिकीट काढण्याआधी

मंगळवारी सकाळी साडेदहाचा शो की शनिवारी संध्याकाळी सातचा? तिकीट काढताना आपण वेळ बघतो, दर बघतो, पार्किंगचं काय ते विचारतो. आजूबाजूला किती माणसं असणार याचा विचार मात्र ‘गर्दी नको बाई’ किंवा ‘एकट्याने काय मजा’ एवढ्यावर संपतो. गर्दी हवी की नको हे आपण स्वभाव बघून ठरवतो. माझ्या मते ते चित्रपट बघून ठरवावं. मी स्वतः माणूसघाणी, सकाळच्या ओसाड शोला एकटी जाऊन बसणारी. तरी काही चित्रपटांसाठी शनिवारची गर्दी, महागडं तिकीट आणि मागच्या रांगेतून पाठीला टोचणारे गुडघे हे सगळं सहन करते.

विनोदी चित्रपट: भरलेलंच थिएटर

यात मला शंका नाही. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी संशोधकाने हसण्याचा अनेक वर्षं अभ्यास केला. माणूस एकटा असताना जेवढा हसतो, त्याच्या ३० पट तो लोकांत हसतो, असं त्याला दिसलं. नाटकवाल्यांना हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ लागला नाही. लाफ्टर आला की रंगमंचावरचा नट थांबतो, हशा ओसरू देतो आणि मग पुढचं वाक्य टाकतो. पडद्यावरचा नट थांबत नाही. किती थांबायचं ते संकलकाने कधीच ठरवून टाकलेलं असतं. त्यामुळे हाऊसफुल्ल शोमध्ये चांगल्या विनोदानंतरची एक-दोन वाक्यं हमखास बुडतात. रिकाम्या थिएटरात ती स्वच्छ ऐकू येतात, पण तुम्ही फार तर नाकातून एक ‘हं’ काढता. दोन्हीपैकी एक निवडायचं तर वाक्यं बुडू देत. ती पुढे ओटीटीवर ऐकता येतील.

२०२३ साली ‘बाईपण भारी देवा’ला बायका साड्या नेसून, गजरे माळून, सोसायटीचा आणि भिशीचा अख्खा गट घेऊन गेल्या होत्या. तो चित्रपट गुरुवारी दुपारी बारा माणसांत बघणं म्हणजे एकटीने फुगडी घालण्यासारखं.

ऐतिहासिक किंवा मारधाडीच्या चित्रपटांचं थोडक्यात सांगते. शिट्ट्या, आरोळ्या, शेवटी होणारी शिवगर्जना हे तुम्हाला चित्रपटाचा भाग वाटत असेल तर पहिला शनिवार-रविवार. डोकं उठत असेल तर त्याच आठवड्यातला बुधवार. पहिलाच आठवडा का, ते पुढे येतंच.

भयपट: इथे उलटं

भयपटाला सोबत हवी, असं बहुतेकांना वाटतं. पण भरलेल्या थिएटरात काय होतं ते आठवा. पडद्यावर अंधारा जिना, बाई एकेक पायरी उतरतेय, आणि मागून कॉलेजातला एखादा मुलगा मुद्दाम किंचाळतो. सगळे हसतात. भीतीचा फुगा तिथेच फुटला. मजा येते, नाही असं नाही, पण ती सहलीची मजा. घाबरायचंच असेल तर रिकामा शो गाठा. दार करकरल्याचा आवाज मागच्या स्पीकरमधून येतो, मागच्या सहा रांगांत कुणी नाही हे तुम्ही आत शिरतानाच बघून ठेवलेलं असतं, आणि तरीही मान वळतेच.

संथ चित्रपट, कमी संवादांचे चित्रपट, आणि सबटायटल वाचून बघायचे मल्याळी-तमिळ चित्रपट हेही रिकाम्यातच बरे. जुन्या थिएटरात जमिनीला उतार कमी असतो, पुढच्या माणसाचं डोकं नेमकं सबटायटलवर येतं. एक अपवाद करावासा वाटतो. मल्याळी किंवा तमिळ प्रेक्षकांनी भरलेला शो मुंबईत सापडला तर जरूर जा. तुम्ही खालची ओळ वाचेपर्यंत त्यांचं हसून झालेलं असतं, पण कुठल्या वाक्याला जीव आहे हे सबटायटल सांगत नाही ते त्यांच्या हशावरून कळतं.

आवाज आणि सीट

‘रिकाम्या थिएटरात आवाज चांगला येतो’ हे अर्धंच खरं आहे. १८९५ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानगृहात कुणाचं बोलणं धड कळत नसे. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून, कमी-जास्त करत रात्री-रात्री मोजमाप केलं. गाद्या, कपडे आणि माणसांची शरीरं आवाज शोषून घेतात, तो घुमणं कमी होतं, हे त्यातून आकड्यांत मांडलं गेलं. मल्टिप्लेक्सच्या जाड, मऊ खुर्च्या याच हिशोबाने केलेल्या असतात. खुर्ची रिकामी असली तरी माणूस बसल्यासारखाच आवाज पिते. भिंतींवरही कापड असतं. म्हणून तिथे रिकामा शो म्हणजे स्वच्छ आवाज.

जुन्या एक-पडदा थिएटरात मात्र रेक्झिनच्या किंवा लाकडी पाठीच्या खुर्च्या, उंच छत, वर बाल्कनी. तिथे पन्नास माणसांत संवाद घुमतात, मराठी चित्रपटातलं मराठीही कान देऊन ऐकावं लागतं. तेच थिएटर भरलं की आवाज जागेवर येतो. थोडक्यात, एक-पडदा असेल तर गर्दीत जा, मल्टिप्लेक्स असेल तर रिकाम्यात गेलात तरी कानांचं नुकसान नाही.

सीटच्या बाबतीत रिकामा शो निर्विवाद जिंकतो. पडद्यापासून साधारण दोन-तृतीयांश मागे, बरोबर मध्ये, ही जागा धरा. थिएटरातल्या आवाजाची जुळवणी करताना मोजमाप साधारण याच पट्ट्यात होतं, आणि तेही रिकाम्या थिएटरात. पहिल्या शनिवारी ही सीट मिळायला आठवडाभर आधी जागं व्हावं लागतं, नाहीतर पहिल्या रांगेत मान वर करून नायकाच्या नाकपुड्या बघायच्या.

पण रिकाम्या शोचीही एक खास पीडा आहे. अडीचशे खुर्च्यांचं थिएटर, आत चार माणसं. आपण एफ-१२ वर ऐसपैस बसलोय, पिशवी शेजारी, चप्पल काढलेली. जाहिराती संपता संपता मोबाइलचा टॉर्च लावून एक काका येतात. तिकिटावर प्रकाश, मग खुर्चीच्या नंबरवर प्रकाश, पुन्हा तिकिटावर. “एफ-अकरा. ही पिशवी तुमची का?” आणि ते शेजारी बसतात. मधली हाताची दांडी पुढचे अडीच तास त्यांची. ‘काका, सगळं मोकळंच आहे की’ असं म्हणून बघा. “नंबरावर बसलेलं बरं असतं” असं उत्तर येईल, निदान पुण्यात तरी येईल. याचं कारण सोपं आहे: ॲपवर सीट काढताना प्रत्येकाला मध्यच हवा असतो, त्यामुळे रिकाम्या थिएटरातली चारही माणसं एकमेकांना चिकटून बसतात. उपायही सोपा. निघण्याआधी सीटचा नकाशा बघा, कुणी एफ धरली असेल तर तुम्ही एच घ्या.

थंडी, समोसा आणि राष्ट्रगीत

बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. अडीचशे माणसं म्हणजे २५ किलोवॅट, सुमारे ७ टन एसीचं काम नुसत्या प्रेक्षकांसाठी. ही माणसं नसतील आणि एसी मात्र रोजच्यासारखाच चालू असेल तर मध्यंतरापर्यंत हातपाय गार पडतात. शाल न्या. उलट काही ठिकाणी चार टाळक्यांसाठी कशाला म्हणून एसी उशिरा लावतात आणि अर्धा तास घाम पुसत बसावं लागतं. दोन्ही अनुभव घेतलेत, शाल नेणं त्यातल्या त्यात बरं.

सकाळच्या शोला समोसा कधीचा आहे ते विचारून घ्या. बायकांच्या स्वच्छतागृहाला रांग नसते, ही मात्र मोठीच गोष्ट. शनिवारचं मध्यंतर निम्मं त्या रांगेत जातं.

महाराष्ट्रात थिएटरात राष्ट्रगीताची पद्धत २००३ पासूनची. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते सक्तीचं नाही असं सांगितलं, तरी आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ते लागतंच. भरलेल्या थिएटरात सगळे झपकन उठतात. चार माणसं असली की चार कोपऱ्यांत चौघं उभे राहतात, एकमेकांकडे न बघता, आणि संपल्यावर खुर्च्यांचा आवाजही वेगवेगळा येतो.

पैशाचं गणित

आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि सकाळी तिकीट स्वस्त असतं. काही मल्टिप्लेक्स मंगळवारी खास दर ठेवतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आहे, त्यावर गेलं की १८ टक्के. म्हणजे दर शंभराच्या आत असेल तर करातही वाचतात.

पण स्वस्त आणि रिकामं हवं म्हणून तिसऱ्या आठवड्याची वाट बघू नका. चित्रपट जुना झाला की त्याला मोठ्या पडद्यावरून छोट्या ऑडीत, म्हणजे मल्टिप्लेक्समधल्या लहान सभागृहात, हलवतात. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात भांडण होऊन जो करार झाला, त्यात निव्वळ कमाईतला वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० असा ठरला. म्हणजे जुना चित्रपट चालवण्यात थिएटरला तिकिटामागे जास्त सुटतं, पण माणसंच येत नसतील तर मोठी ऑडी नव्या चित्रपटाला देणं त्यांना परवडतं. तुम्हाला मात्र दोनशे रुपये वाचवून घरच्या हॉलएवढ्या खोलीत भव्य चित्रपट बघावा लागतो. पडदा मोठा आणि थिएटर रिकामं, दोन्ही हवं असेल तर पहिल्या आठवड्यातले सोमवार ते गुरुवार, सकाळचा शो. यापेक्षा चांगला सौदा मला माहीत नाही.

एकट्याने, एकटीने

मल्टिप्लेक्सच्या दिवसाच्या शोला बाईने एकटीने जाण्यात मला काही अडचण वाटत नाही. कोपऱ्यांतली जोडपी आपल्याच विश्वात असतात, त्यांना तुमच्याशी देणंघेणं नसतं. रात्रीच्या शेवटच्या शोला, जेमतेम दहा पुरुष असलेल्या एक-पडदा थिएटरात मी जात नाही. हे भित्रेपणाचं वाटलं तरी चालेल.

दुसरी जोखीम शो रद्द होण्याची. दोनच तिकिटं गेली असतील तर कधी कधी ऐनवेळी मेसेज येतो. तिकिटाचे पैसे परत मिळतात, रिक्षाचे कोण देणार? निघण्याआधी तासभर नकाशा बघा, पाच-सहा सीट गेलेल्या दिसल्या की निश्चिंत निघा.

मुंबईत असाल तर रिकामं आणि भरलेलं या दोन्हींच्या मधलं एक ठिकाण आहे. मराठा मंदिर थिएटरला ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ २० ऑक्टोबर १९९५ पासून लागलाय, हल्ली सकाळी साडेअकराला. हजारेक खुर्च्या, आडवारी त्यातल्या कितीतरी रिकाम्या. पण आलेल्यांतल्या अनेकांना संवाद पाठ, त्यामुळे टाळ्या-शिट्ट्या जिथे पडायच्या तिथे पडतातच.

आणि मराठी चित्रपट?

हा प्रश्न वेगळा, कारण इथे तुमच्या सोयीशिवाय आणखी एक गोष्ट अडकलेली असते. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपटाला प्राइम टाइम द्यायला सांगितलं. मग वाद होऊन प्राइम टाइम म्हणजे दुपारी १२ ते रात्री ९ असं ठरलं. त्यामुळे ऑफिसात डबा खायच्या वेळी लागलेला शोही नियमात बसतो आणि साहजिकच रिकामा जातो. रिकामा गेला की शो कमी होतात, उरलेले आणखी अडनिड्या वेळी ढकलले जातात.

म्हणून मराठी चित्रपट विनोदी असो, गंभीर असो, अगदी भयपट असो, रिकाम्या शोचा माझा सगळा हट्ट मी बाजूला ठेवते आणि शुक्रवार ते रविवारमध्येच जाते, जमलं तर दोघी-तिघींना घेऊन. पुढच्या शुक्रवारी कुणाला किती शो द्यायचे हे थिएटरवाले पहिल्या तीन दिवसांचे आकडे बघून ठरवतात. ‘मंगळवारी निवांत बघू’ म्हणालात तर मंगळवारी शो असेलही, पण पुढच्या मंगळवारी तुमच्या मैत्रिणीला तो बघायचा असेल तेव्हा ॲपवर चित्रपटाचं नाव सापडेलच असं नाही.