जुन्या टाटा ४०७ चे ब्रेक: दुरुस्तीनंतर अकरा महिने वापरून

गेल्या सप्टेंबरात कुंभार्ली उतरत होतो. घाटमाथ्यावर चहा पिऊन निघालो, चार-पाच वळणं झाली आणि केबिनमध्ये वास यायला लागला. जळक्या लायनरचा, म्हणजे ब्रेकच्या आतल्या घासणाऱ्या अस्तराचा, वास एकदा नाकात बसला की जन्मात विसरत नाही. पेडल नेहमीपेक्षा दोन बोटं खाली जात होतं. दुसरा गिअर टाकला, ब्रेकवरचा पाय जमेल तेवढा काढला आणि पोफळीपर्यंत तसाच आलो. बायको शेजारी एक शब्द बोलत नव्हती. ती गप्प असली की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

गाडी १९९६ ची टाटा ४०७. पूर्वी भाजी वाहायची. मी घेतली, मागं प्लायवूडची खोली बांधली, दोन बाकं, एक शेगडी, साठ लिटरची पाण्याची टाकी. परदेशात युनिमॉग नाहीतर जुन्या मर्सिडीज ट्रकवर घर बांधून लोक वाळवंट पालथं घालतात, त्याची ही गुहागर तालुक्यातली गरीब बहीण. चारही चाकांना ड्रम (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी वाटी, तिला आतून लायनर टेकतो), हायड्रॉलिक ब्रेक, पायाचा जोर वाढवायला व्हॅक्यूम बूस्टर. ४०७ च का घेतली? तर पार्टसाठी. १९८६ मध्ये ही गाडी आली तेव्हा समोर चार जपानी जोड्या उभ्या होत्या: डीसीएम टोयोटा, आयशर मित्सुबिशी, स्वराज माझदा, ऑल्विन निसान. माझ्या एका मित्राकडे डीसीएम टोयोटा आहे. इंजिन अजून घड्याळासारखं चालतं, पण मागच्या व्हील सिलिंडरसाठी (चाकाच्या आतलं, ऑइलच्या दाबानं ब्रेक ढकलणारं नळकांडं) त्यानं पुण्याची नाना पेठ आणि कुर्ल्याचा जुना बाजार मिळून तीन खेपा घातल्या. ४०७ चा सिलिंडर चिपळुणातसुद्धा मिळतो. खरा की खोटा, हा पुढचा प्रश्न.

दसऱ्यानंतर काम काढलं. चारही ड्रम उतरवले. मला वाटत होतं लायनर संपले असतील. लायनर निम्म्याहून जास्त शिल्लक होते! मागच्या डाव्या चाकाच्या सिलिंडरचा एक पिस्टन मात्र जागचा हलत नव्हता, उजवीकडचा ओलसर होता, पुढच्या एका बाजूचा धूळ अडवणारा रबरी बूट फाटून आत तांबडा चिखल गेलेला. म्हणजे चारातली दोनच चाकं खऱ्या अर्थानं ब्रेक मारत होती आणि घाटात तीच तापून लाल होत होती. मिस्त्री पिस्टनवर हातोडी ठोकत म्हणाले, “भाऊ, ही गाडी धावून नाय बिघडली. उभी राहून बिघडली.”

हे वाक्य मी अकरा महिने डोक्यात घेऊन फिरतोय, कारण ते शंभर टक्के खरं निघालं. जूनपासून गाडी शेडमध्ये उभी होती. समुद्र दीड किलोमीटरवर. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, तो त्याचा गुणधर्मच आहे. कोऱ्या डॉट ३ ऑइलचा (डॉट ३, डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या प्रती) उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, पाणी मुरलेल्याचा १४० वर येतो. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. घाटात सिलिंडर तापला की मुरलेल्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं. तेच पाणी उभ्या गाडीत सिलिंडरच्या भिंतीला गंज चढवतं. जोडीला बाहेरून खारा वारा.

आता एकेक वस्तू.

व्हील सिलिंडर. आधी पैसे वाचवायला नुसतं किट टाकलं. किट म्हणजे ऑइल अडवणारे रबरी कप, बूट आणि एखादी स्प्रिंग. एका गॅरेजमध्ये काम करून घेतलं, नाव सांगत नाही. तिथल्या पोऱ्यानं सगळं डिझेलमध्ये धुतलं. मी बघत होतो, तरी बोललो नाही, हा माझा गाढवपणा. तीन आठवड्यांत कप फुगले, ब्रेक लागला की सुटेना, चाक गरम. या रबराला डिझेल, पेट्रोल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस यातलं काहीही चालत नाही. धुवायचं तर ब्रेक ऑइलनं किंवा स्पिरिटनं. उघडून पाहिलं तेव्हा सिलिंडरच्या आत नखाला लागतील असे खड्डे दिसले. अशा खड्ड्यांवरून नवा कपही महिन्यात फाटतो. मग चारही सिलिंडर अख्खे नवे घेतले, तेव्हापासून एक थेंब गळालेला नाही. खारपट्ट्यात राहणाऱ्यानं किटच्या नादी लागू नये. देशावर कोरड्या हवेत किट चालत असेल.

खऱ्या-खोट्याची परीक्षा मी अशी करतो. कपची कड नखावरून फिरवायची. साच्याची जोडरेघ कडेवर लागली की माल परत. दुकानात ‘टीव्हीएस गर्लिंग द्या’ म्हटलं की त्या कंपनीची डबी पुढं येते, पण डबीवर विश्वास ठेवून मी एकदा फसलोय. डबी कोरी करकरीत, आतला कप कडेला खरबरीत. आता मी जुना नग खिशात घेऊन जातो आणि काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवतो. ‘कुठली गाडी’ एवढंच विचारून फळीवरचा माल काढणाऱ्या दुकानापेक्षा ‘नमुना आणलाय का, चॅसी नंबर काय’ विचारणारं दुकान बरं. असं एक कराडला सापडलं, तिथंच जातो.

मापाचा एक किस्सा सांगायलाच हवा. धोपाव्याच्या जेट्टीवर दाभोळच्या फेरीबोटीची वाट बघत होतो, पुढं एक गोल नाकाडाची जुनी मर्सिडीज उभी. नवरा-बायको जर्मन, ट्रक त्यांच्या वयाचाच असावा. मागच्या चाकाखाली ओला डाग. मी खाली वाकलो तर तोही वाकला, भाषेची गरजच पडली नाही. त्याच्याकडे बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता. आत प्रत्येक चाकाचं किट वेगळ्या पिशवीत, वर मिलिमीटरमध्ये माप लिहिलेलं. मी गावातल्या माणसाकडून एक कप आणून दिला, दिसायला तसाच. त्यानं व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं हत्यार) लावला आणि मान हलवली. त्याचा सिलिंडर २८ मिमीचा, आपला कप सव्वा... नाही, एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाचा, म्हणजे २८.५७. अर्धा मिलिमीटर! पण तेवढ्यानं कप आत चेपून बसतो, सुटताना अडकतो. टाटांनी १९५४ ते १९६९ डेमलर-बेंझबरोबर ट्रक बनवले, म्हणून ‘मर्सिडीजचा पार्ट टाट्याला चालतो’ असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. कधी चालतही असेल. मी तेव्हापासून व्हर्निअर गाडीत ठेवतो आणि माझ्याही चार चाकांच्या चार पिशव्या झाल्यात. माझा आधीचा असाच साठा चिपळुणात मित्राच्या वर्कशॉपमध्ये होता, २२ जुलै २०२१ च्या पुरात त्याचं शेडच बुडालं. आता डबा घरात, माळ्यावर.

लायनर. दोनदा बदलले. पहिला जोड स्वस्त, कडक. दोन महिन्यांत काचेसारखा चकाकायला लागला, सकाळी पहिला ब्रेक मारला की अख्खी वाडी जागी. दुसरा जोड रिव्हेटवाला, कराडहून, शूवर (लायनर बसतो ती लोखंडी कमान) तिथंच ठोकून घेतला. बसवण्यापूर्वी मिस्त्रींनी एक गोष्ट केली ती बघण्यासारखी होती. लायनरवर खडूनं आडव्या रेघा ओढल्या, शू ड्रममध्ये धरून हातानं घासला आणि काढला. खडू फक्त मधल्या चार बोटांत पुसलेला. म्हणजे टेकतो फक्त मध्ये. कानशीनं मधला भाग थोडा उतरवला, परत खडू, परत घासणं. पाचव्या खेपेला टोकापासून टोकापर्यंत खडू गेला. एका चाकाला पाऊण तास लागला, पण पहिल्या दिवसापासून ब्रेक सरळ लागला, गाडी कुठल्याच बाजूला ओढली नाही. धूळ मात्र हवेनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि तुमच्या गाडीत आधीच्या मालकानं काय बसवलंय ते देवाला माहीत.

ड्रम. कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर फिरवून घेतले. जांभ्याची तांबडी माती आत जाते, ओली होते, लायनरला उटण्यासारखी चिकटते आणि ड्रमवर गोल चरे पाडते. एका ॲक्सलचे दोन्ही ड्रम लेथवर सारखेच कापायचे आणि ड्रमवर ओतीव आकड्यांत दिलेल्या कमाल मापाच्या पुढं जायचं नाही. माझा एक त्या मापाला टेकला होता, तो फेकला. लेथवाला म्हणाला, “अजून एकदा फिरंल की.” फिरला असता. पण मला कुंभार्ली उतरायचा असतो, त्याला नाही.

पाईप. सगळ्यात जास्त समाधान इथं मिळालं, आणि सगळ्यात जास्त वणवणही इथंच. मूळची लोखंडी पाईप क्लिपच्या खाली गंजते, वरून चांगली दिसते. क्लिप काढली आणि पाईप पापुद्रा होऊन हातात आली. लोखंडीच परत टाकली असती तर पाच-सहा वर्षं निघाली असती, पण मला तांबं-निकेलची हवी होती. तिच्यात दहा टक्क्यांच्या आसपास निकेल असतं, गंजत नाही, हातानं वळते. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूला दोन दिवस फिरून एक वेटोळं मिळालं. एक सावधगिरी: फ्रिजवाल्याकडची साधी तांब्याची पाईप कुणी ‘हीच ती’ म्हणून गळ्यात मारेल. ती धक्क्यांनी कडक होते आणि तडकते. घेऊ नका. पाईपच्या टोकाची फुलीही (फुगवून केलेली कड) दोन-तीन प्रकारची असते, म्हणून जुन्या पाईपचं टोक नटासकट कापून बरोबर न्यावं.

ऑइल डॉट ४, पाव लिटरच्या सीलबंद बाटल्या. मोठ्या डब्यातलं सुटं ओतून देणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडावं. उरलेली बाटली पावसाळ्यात ठेवायची नाही, कितीही जिवावर आलं तरी. एअर, म्हणजे पाईपमध्ये अडकलेली हवा, काढताना डावं मागचं चाक पहिलं, मग उजवं मागचं, मग डावं पुढचं, शेवटी ड्रायव्हरकडचं. भाचा पेडलवर, मी खाली. “दाब... धर... सोड.” त्यानं एकदा ‘धर’ ऐवजी ‘सोड’ ऐकलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. हवा सोडायचे निप्पल गंजून गोल होतात, त्यावर सायकलच्या वॉलट्यूबचा तुकडा, टोकाला गाठ मारून. दोन रुपयांत टोपी.

बूस्टरला काही केलं नाही. इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा दाबायचं, दाबून धरायचं आणि इंजिन चालू करायचं. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक. माझं जातं. डिझेलला व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप असतो, तेव्हा घाटात डिझेल वाचवायला इंजिन बंद करून उतरणाऱ्यांनी आपल्या बूस्टरचा विचार करावा.

एकूण खर्च फुकट गेलेला किट, पहिले लायनर आणि दोन कोल्हापूरच्या खेपा धरून बावीस हजारांच्या आत. अकरा महिन्यांत सहा हजार किलोमीटरच्या आसपास झाले, कुंभार्ली नऊ वेळा, आंबोली दोनदा, फेरी किती वेळा ते मोजलंच नाही. फेरीवरून उतरताना ओहोटी असली की उतार ओला, शेवाळी, चाकं खाऱ्या पाण्यात. घरी आलो की नळाचं पाणी चाकांच्या आत सोडतो आणि मग अर्धा किलोमीटर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवतो, ड्रम सुकतात.

या पावसाळ्यात गाडी उभी ठेवताना हॅण्डब्रेक लावला नाही. गिअरमध्ये टाकली, चाकाला लाकडी ठोकळा लावला आणि दर रविवारी शेडमधून बाहेर काढून आंब्याच्या झाडापर्यंत नेऊन आणली, येता-जाता पाच-सहा ब्रेक. शेजारचे काका विचारायचे, “काय रे, गुरं चरायला सोडतोस तशी सोडतोस?” गणपतीत ड्रम उघडले. चारही सिलिंडर कोरडे, पिस्टन अंगठ्यानं हलतात, ड्रमवर नुसता तांबूस थर, तोही फडक्यानं गेला.

राहिलं एकच. हॅण्डब्रेकची केबल बाहेरच्या नळीत जाम झालीय. जेट्टीच्या उतारावर ती ओढली की वर येते, धरत नाही. नवी दोनदा आणली, दोन्ही वेळा वीतभर लांब निघाली. जुनी काढून नमुना म्हणून सोमवारी एसटीच्या पार्सलनं कराडला पाठवली आहे, तोवर धोपाव्याला ठोकळा घेऊन भाचाच खाली उतरतो.