एका पाकिटातली दोन साले: ब्रिटनचा पहिला दशमान नाणेसंच

ब्रिटनच्या पहिल्या दशमान नाण्यांचा निळ्या पाकिटातला स्मृतिसंच बऱ्याच वर्षांच्या इच्छेनंतर अलीकडे मी विकत घेतला. विक्रेत्याने त्याचे वर्णन केवळ '१९७१ चा संच' असे केले होते. त्यामुळे भिंगाखाली एकेक नाणे पाहताना पाच आणि दहा पेन्सच्या नाण्यांवर १९६८ हे साल दिसले, तेव्हा कोणीतरी मूळची नाणी काढून त्यांच्या जागी दुसरी बसवली असावीत, अशी शंका मला आली. संच मात्र अस्सल होता. अपुरे होते ते विक्रेत्याचे वर्णन.

या संचात पाच नाणी आहेत. तांबे-निकेलची पाच आणि दहा पेन्सची नाणी १९६८ सालची, तर कांस्याची अर्धा, एक आणि दोन पेन्सची नाणी १९७१ सालची आहेत. पाच पेन्सचे नाणे आकाराने आणि मूल्याने जुन्या शिलिंगाएवढे आणि दहा पेन्सचे फ्लोरिनएवढे (दोन शिलिंगांच्या जुन्या नाण्याएवढे) होते. म्हणून ही दोन्ही नाणी २३ एप्रिल १९६८ पासूनच जुन्या नाण्यांच्या बरोबरीने व्यवहारात वापरता आली. कांस्याच्या नाण्यांना जुन्या चलनात नेमकी जोड नव्हती, कारण पौंडाचे २४० पेन्स जाऊन १०० होणार होते, आणि तो बदल १५ फेब्रुवारी १९७१ या एकाच दिवशी घडायचा होता. तरीही संच १९६८ मध्येच विक्रीस आला, त्यामुळे तेव्हा तो घेणाऱ्याच्या हाती तीन वर्षे पुढचे साल असलेली, खर्च करता न येणारी नाणी पडली. मला या संचाचे सर्वांत मोठे मोल येथेच वाटते. एका देशाने आपले चलन टप्प्याटप्प्याने कसे बदलले, हे ही दोन साले शेजारी शेजारी ठेवल्याने जेवढे स्पष्ट होते, तेवढे सर्व नाण्यांवर १९७१ हेच साल असलेल्या नंतरच्या प्रूफ संचातून (संग्राहकांसाठी खास झळाळीने पाडलेल्या नाण्यांच्या संचातून) होत नाही, मग त्याची झळाळी कितीही देखणी असो.

या नाण्यांसाठी क्रिस्टोफर आयर्नसाइड यांनी केलेली रेखाटने आजही ताजी वाटतात. दहा पेन्सवरचा मुकुटधारी सिंह मला विशेष आवडतो. अर्ध्या पेनीवरचा मुकुट इतक्या लहान नाण्यावरही रेखीव उतरला आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. पन्नास पेन्सचे सप्तकोनी नाणे ऑक्टोबर १९६९ मध्ये आले, त्यामुळे ते यात नाही आणि मालिका अपुरी राहते. त्याहून गंभीर बाब पाकिटाच्या मऊ प्लास्टिकची आहे. अशा प्लास्टिकच्या सहवासात कांस्य दीर्घकाळ राहिले, तर त्यावर डाग पडू शकतात. माझ्या संचातील दोन पेन्सच्या नाण्याची एक कड काळवंडलेली आहे. मी तिन्ही कांस्य नाणी स्वतंत्र कडक डब्यांत ठेवली असून पाकीट त्यांच्याजवळच जपले आहे. नाणी पुसून चकचकीत करण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा.

हा संच मोठ्या संख्येने विकला गेल्याने दुर्मीळ नाही. म्हणून घाई न करता स्वच्छ नमुना मिळेपर्यंत थांबणे योग्य ठरेल. घेताना पाचही साले वाचून पाहावीत. निळ्या पाकिटात पाचही नाणी १९७१ ची दिसली, तर तेथे मात्र अदलाबदल झाली आहे असे समजावे.

असाच अनुभव २००१ च्या डिसेंबरात विकल्या गेलेल्या यूरोच्या आरंभिक संचांतही येतो. जर्मनीने आपल्या पहिल्या नाण्यांवर चलनात येण्याचे २००२ हे साल घातले, तर फ्रान्सने ज्या वर्षी नाणे पाडले तेच साल घातले. त्यामुळे फ्रान्सचा आरंभिक संच ज्या पिशवीत विकला गेला, तिच्यातील चाळीस नाण्यांत १९९९, २००० आणि २००१ ही साले एकत्र आढळू शकतात. ती पिशवी न फोडलेल्या स्थितीत मिळाली, तर या निळ्या पाकिटाशेजारी ठेवण्याचा माझा विचार आहे.