तारेच्या ब्लाइंडसाठी हाताचं क्रिंपिंग मशीन: एका पावसाळ्यानंतर

उघड्या बाल्कनीला जे मान्सून ब्लाइंड, म्हणजे पाऊस अडवायचे गुंडाळते पडदे, लावतात, त्यांच्या दोन्ही कडांना वरून खालपर्यंत एकेक ताणलेली स्टीलची तार असते. ब्लाइंडचा खालचा ॲल्युमिनियमचा पाइप या तारांवरून वर-खाली सरकतो, त्यामुळे वारा सुटला तरी कापड भिंतीवर आपटत नाही. तार ब्रॅकेटच्या हुकात अडकवायची तर तिच्या टोकाला फास करावा लागतो आणि त्या फासावर धातूची बारीक नळी, म्हणजे स्लीव्ह, दाबून बसवावी लागते. ती दाबायचं हे मशीन. मशीन म्हणायचं एवढंच. वीज नाही, कॉम्प्रेसर नाही; दोन लांब दांडे आणि पुढे खाचा असलेले जबडे.

माझं डोंबिवलीत पडदे आणि ब्लाइंडचं वर्कशॉप आहे. सुरुवात शिलाईपासून झाली, ब्लाइंड नंतर आले. हे २४ इंची मशीन गुढीपाडव्याच्या सुमारास मुंबईतल्या नागदेवीच्या हार्डवेअर बाजारातून आणलं, चार हजारांच्या आत मिळालं. तेव्हापासून ठाणे, कल्याण, नवी मुंबई आणि अलिबागकडचे काही बंगले, तारेची सगळी कामं याच्यावरच झाली. ओळखीचे फिटर सारखे विचारतात, घ्यावं का म्हणून. घ्या. पण किमतीची घासाघीस करायला जेवढा वेळ घालवाल, त्याच्या दुप्पट वेळ स्लीव्ह निवडायला ठेवा.

यापूर्वी आम्ही यू-क्लॅम्प, म्हणजे U आकाराच्या बोल्टने आणि नटांनी तार आवळणारी पकड, वापरायचो. त्याला नियम असा की खोगिरासारखा भाग भार घेणाऱ्या तारेवर यायला हवा आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकावर. उलटा बसवला तर यू-बोल्ट नेमका भाराची तारच चेचतो. साइटवर उलटे बसवलेले क्लॅम्प कितीतरी दिसतात. आणि सुलटा बसवला तरी तारेच्या ताकदीतला साधारण पाचवा हिस्सा तिथे जातोच, नट मधूनमधून आवळावे लागतात, आणि कापड गुंडाळताना ते नटांत अडकतं ते वेगळंच. स्लीव्ह एकदा नीट दाबली की आवळायला काही उरत नाही, दिसायलाही बारीक. माझ्या गिऱ्हाइकांना हे दिसणंच जास्त भावतं, ताकदीचं त्यांना कोण सांगणार!

आता मापाचं. या मशीनची खरी गोम इथे आहे. जबड्यांवर खाचांची मापं इंचात आहेत: १/१६, ३/३२, १/८ आणि पुढे. आपल्या बाजारात तार मिळते मिलिमीटरमध्ये: १.५, २, २.५, ३. आता ३/३२ इंच म्हणजे जवळपास २.४ मिमी. दुकानदार २ मिमी तारेला सरळ ३/३२ ची स्लीव्ह देतो, ‘चालतं हो, दाबलं की बसतं’ म्हणून. बसतं, दिसतंही छान. पण आत तारेभोवती मोकळी जागा राहते आणि ताण आला की तार हळूहळू सरकते. २ मिमी तारेला २ मिमीचीच स्लीव्ह हवी, आणि त्या स्लीव्हला जुळणारी खाच हवी. तार, स्लीव्ह आणि खाच ही तिन्ही मापं जुळली तरच तो जोड. १/८ मात्र ३.२ मिमीच्या आसपास येतं, त्यामुळे ३ मिमीच्या कामाला तिथे फार त्रास होत नाही, तरी दाब तपासायचं गेज (त्याबद्दल पुढे सांगते) लावूनच बघा. नवीन घेणाऱ्याने मिमीच्या खाचांचं मशीन मागावं. तसली मशीन मिळतात, दुकानदार पुढे करत नाहीत इतकंच.

प्लास्टिकचं आवरण असलेली तार घेतली तर आणखी एक घोळ. तिचं जे माप सांगतात ते बहुतेक वेळा आवरणासकट असतं. जिथे स्लीव्ह बसणार तिथलं आवरण सोलून काढायचं, आतली उघडी तार व्हर्निअरने, म्हणजे बारीक जाडी मोजायच्या मापपट्टीने, मोजायची, त्या मापाची स्लीव्ह घ्यायची. आवरणावरून दाबलेली स्लीव्ह प्लास्टिकला धरते, तारेला नाही. पहिल्या पावसात कळतं.

तारेच्या विणीबद्दलही विचारतात. ७×७ म्हणजे सात लडी आणि प्रत्येकीत सात तारा, एकूण ४९. ७×१९ मध्ये १३३, म्हणून ती जास्त लवचिक. ब्लाइंडची तार कप्पीवरून फिरत नाही, उभी ताणलेली असते, त्यामुळे ७×७ पुरते आणि पाइपच्या टोकाची टोपी तिच्यावरून छान सरकते. १×१९, म्हणजे एकाच लडीत १९ तारा, फार ताठ, तिचा छोटा फास वळत नाही. ती रेलिंगवाल्यांसाठी सोडा.

मशीनसोबत एक कागद आला होता, त्यात दाब किती द्यायचे ते होतं. गेज मात्र नव्हतं. माझी सगळ्यांत मोठी तक्रार हीच. दाबलेली स्लीव्ह पुरेशी दाबली गेली की नाही हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी खाच पाडलेली लोखंडी पट्टी असते: दाबलेली स्लीव्ह तिच्यातून गेली तर ठीक, अडकली तर दाब कमी. हीच पद्धत विमानाच्या कंट्रोल केबलवरही चालते. अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाच्या देखभालीच्या पुस्तिकेत तांब्याच्या स्लीव्हचा तक्ताच दिलाय, १/१६ आणि ३/३२ ला एक दाब, १/८ ला तीन, आणि वर गेजने तपासायची ताकीद. आपण बाल्कनीचं काम करतो, विमानाचं नाही, हे मान्य. पण अठराव्या मजल्यावरून सुटलेला पाइप खाली कुणाच्या डोक्यावर पडेल याचा हिशेब आपल्यालाही करायलाच हवा. गेज मी वेगळं घेतलं. ते नसेल तर व्हर्निअर तरी हाताशी ठेवा.

जबड्यांच्या बाजूला ॲडजस्टमेंटचे बोल्ट असतात. नवीन मशीन घरी आणल्यावर आधी ते बघा. दांडे पूर्ण मिटल्यावर रिकामे जबडे एकमेकांना टेकले पाहिजेत, शेवटी हाताला थोडा अडसर जाणवला पाहिजे. माझ्या मशीनमध्ये पहिल्या दिवशी जबड्यांमधून उजेड दिसत होता. म्हणजे कितीही जोर लावा, स्लीव्ह अर्धीच दाबली जाणार. बोल्ट अर्धा फेरा फिरवला, काम झालं. पण हे बोल्ट कामाने पुन्हा ढिले होतात. मोठी ऑर्डर सुरू करण्याआधी एक स्लीव्ह दाबून गेजला लावायची, मगच पुढचं, हा आमच्याकडे आता शिरस्ता आहे.

जोराबद्दल स्पष्ट लिहिते, कारण इतर ठिकाणी जे वाचलं ते सगळं पुरुषांनी लिहिलेलं. दांड्यांचा पहिला अर्धा प्रवास हलका जातो, भार शेवटच्या टप्प्यात येतो. २ मिमीची स्लीव्ह मी उभ्याने दोन्ही हातांनी दाबते, काही वाटत नाही. ३ मिमीची तांब्याची स्लीव्ह, तीही तीनदा, असे चार-पाच फास झाले की खांदे बोलायला लागतात. माझ्याकडच्या ताई उंचीने लहान आहेत. दांडे पूर्ण उघडले की त्यांचे हात पुरत नाहीत. यावर उपाय साधा निघाला. एक दांडा बेंच व्हाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात) आडवा पकडायचा आणि वरचा दांडा अंगाचा भार टाकून खाली दाबायचा. एक हात मोकळा राहतो, तो स्लीव्ह सरळ धरतो. टेबलाला कायमचं पक्कं करायचं बेंच मॉडेलही मिळतं, पण व्हाइस असेल तर त्यासाठी वेगळे पैसे घालू नका.

दाबायची रीत थोडक्यात. तार स्लीव्हमधून घालून थिंबलभोवती, म्हणजे फासाच्या आत बसणाऱ्या धातूच्या खोबणीच्या कडीभोवती, वळवायची आणि परत स्लीव्हमध्ये. टोक पलीकडून दोन-तीन मिमी बाहेर दिसलं पाहिजे. दाबताना स्लीव्ह लांबते, टोक आत राहिलं तर बाहेरून कळणारही नाही. त्याच कारणाने थिंबललाही अगदी चिकटवायची नाही. तीन दाब असतील तर आधी मधला, मग कडेचे. स्लीव्हच्या बाजूंना पातळ पंखासारखी कड निघाली तर खाच चुकलीये किंवा स्लीव्ह तिरकी बसलीये. बारीक कड असेल तर कानस मारा, नाहीतर ती कापड कापते. तार कापण्याआधी टेप गुंडाळा आणि केबल कटर वापरा. साध्या पक्कडीने टोक पिंजारतं, मग ते स्लीव्हमध्ये जात नाही, बोटात मात्र बरोबर जातं.

स्लीव्हच्या धातूबद्दल अलिबागच्या एका बंगल्यावर चांगला नमुना बघायला मिळाला. आधीच्या कुणीतरी स्टेनलेसच्या तारेवर ॲल्युमिनियमच्या स्लीव्ह बसवल्या होत्या. समुद्राच्या खाऱ्या दमट हवेत हे दोन धातू एकत्र आले की झिजतं ते ॲल्युमिनियम. स्लीव्हवर पांढरी भुकटी, नखाने खरवडली तर निघत होती. गॅल्व्हनाइज्ड तारेला ॲल्युमिनियम चालतं, स्टेनलेसला तांबं, हे डोक्यात पक्कं ठेवा. तांब्याचा लाल ठिपका गिऱ्हाइकाला नको असतो, म्हणून कथिल किंवा निकेल चढवलेल्या तांब्याच्या स्लीव्ह येतात. त्या दिसतात अगदी ॲल्युमिनियमसारख्या, आणि दुकानातल्या एकाच डब्यात दोन्ही मिसळलेल्या असतात! हातात वजन घेऊन बघा, तांब्याची जड लागते. शंका असेल तर एकीला कानस मारा, आतून लाल निघाली की झालं. मशीनसोबत फुकट आलेलं स्लीव्हचं पाकीट सगळं ॲल्युमिनियमचं होतं. ते आम्ही नवीन मुलांना सरावाला दिलं.

समुद्राजवळ तारही ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसची घ्या. तिच्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेत ती जास्त टिकते. ३०४ ग्रेडवर तपकिरी डाग पडतात. ताकद लगेच जात नाही, पण गिऱ्हाइकाचा फोन लगेच येतो. डोंबिवली-कल्याणला ३०४ पुरते.

मशीनची दुसरी अडचण जागेची. दांडे उघडायला आजूबाजूला दोन-अडीच फूट मोकळं लागतं. बाल्कनीच्या कोपऱ्यात, स्लॅबच्या खाली, शिडीवर उभं राहून हे करणं अशक्यच. एक दांडा भिंतीला लागतो, दुसरा पोटाला. म्हणून आम्ही वरचा फास वर्कशॉपमध्येच करून नेतो आणि खालचं टोक साइटवर स्क्रूवाल्या टेन्शनरमध्ये पकडतो. तसंही खाली ताण कमी-जास्त करायची सोय हवीच, कारण नवी तार भाराखाली थोडी लांबते, लडी एकमेकींत बसतात. बसवल्यावर पंधरा दिवसांनी जाऊन एकदा ताण द्यायचा, हे कोटेशनमध्येच लिहा. नाहीतर ती फेरी फुकटात होते.

वर्कशॉपमध्ये केलेला फास तपासायची आमची पद्धत अशी: स्लीव्हच्या तोंडाशी तारेवर मार्करने रेघ मारायची आणि फासाला सिमेंटची ५० किलोची गोणी रात्रभर टांगून ठेवायची. रेघ स्लीव्हपासून हलली तर फास बाद. २ मिमी तारेची स्वतःची ताकद याच्या कितीतरी पुढची, त्यामुळे ही फार कडक परीक्षा नाही, पण चुकीच्या मापाची स्लीव्ह हिच्यात बहुतेक वेळा पकडली जाते. प्रत्येक फास तपासत नाही; नवीन डबा उघडला की त्यातल्या एका स्लीव्हवर करतो. जून ते सप्टेंबर घोडबंदरच्या उंच इमारतींमध्ये, पश्चिमेचा वारा थेट अंगावर घेणाऱ्या बाल्कन्यांमध्येही या मशीनवरचा एकही फास सरकला नाही. फाटलं ते कापड, आणि पाइपच्या प्लास्टिकच्या टोप्या तारेने झिजून भोकं मोठी झाली. टोप्यांच्या भोकांत नायलॉनची बुश (अस्तराची नळी) घालणं हे माझं पुढचं काम आहे.

किरकोळ कुरबुरी: दांड्यांचे रबरी ग्रिप घामाने सरकून निघायला लागले, फेव्हिक्विकने चिकटवले. खाचांवरची मापं नुसत्या रंगाने लिहिलेली, श्रावणापर्यंत पुसली गेली. आता पंचने कोरून घेतलीत. जबड्यांच्या पिनेला महिन्यातून एकदा तेल लागतं, नाहीतर कुरकुरते. पावसात साइटवर नेलं तर पुसून ठेवा, जबड्यांवर गंज लगेच धरतो. वजन अडीच-तीन किलो आहे, स्कूटरच्या डिकीत मावत नाही.

इलेक्ट्रिशियनकडचं, वायरच्या टोकाला लग (जोडणीची कडी) दाबायचं क्रिंपर चालेल का, हा प्रश्न नेहमी येतो. नाही. त्याची खाच वेगळ्या आकाराची असते, ते स्लीव्हमध्ये एका जागी खड्डा पाडतं, तार सगळीकडून धरत नाही. आणि स्वतःच्या घरच्या एकाच बाल्कनीसाठी हे मशीन घेऊ नका. तार मोजून ब्लाइंडवाल्याकडे द्या, फास करून आणा, गेज लावून दाखव म्हणा. महिन्याला चार-पाच बाल्कन्या करत असाल तर मात्र क्लॅम्पचा आणि परत-परत जाण्याचा खर्च धरून पहिल्या मोसमातच पैसे वसूल होतात. ५ मिमीच्या पुढची तार, म्हणजे मोठ्या टेरेसवरच्या शेडनेटची वगैरे, असेल तर हाताच्या दांड्यांवर वेळ घालवू नका, त्याला हायड्रॉलिकच लागतं.