नऊ महिन्यांत साडेअकरा किलो: मालवणातल्या एका दुकानदाराचा अनुभव

गेल्या जूनमध्ये काट्यावर 94.6 आलं. वय 51, उंची 168 सेंटिमीटर, शुगरच्या दोन गोळ्या, बीपीची एक. काल 83.1 भरलं. दुकानात येणारा प्रत्येक दुसरा माणूस "रे, दुखणा-बिखणा नाय मा?" असं विचारतो, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी माझा गाढवपणा. त्याच्या आदल्या वर्षी मी कोणालाही न विचारता रात्रीचं जेवण सोडलं आणि सकाळी एका ठिकाणी शेक प्यायला जायला लागलो. पाच आठवड्यांत सहा किलो उतरले. गोळ्या होत्या तशाच चालू. एका रात्री अडीचला जाग आली ती घामानं. बनियन पिळून घ्यावी इतका घाम, हात थरथरतायत, बायको काहीतरी विचारतेय आणि मला उत्तर सुचत नाही. मशीनवर शुगर 54. तिनं तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी परत बोट टोचलं, तेव्हा 81. माझ्या दोन गोळ्यांतली ग्लिमेपिराइड तुम्ही जेवलात की उपाशी आहात ते बघत नाही, स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतेच, हे ज्ञान मला त्यानंतर मिळालं. उतरलेले सहाही किलो गणपतीपर्यंत परत आले, वर एक व्याज.

म्हणून या खेपेला कुडाळच्या डॉक्टरांकडे. पहिल्या दिवशी त्यांनी आहाराचा विषयच काढला नाही. रक्त काढायला लावलं: एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर (आलं 8.1), थायरॉइड, किडनीसाठी क्रिएटिनिन, लिव्हर, कोलेस्टेरॉल. पोटाची सोनोग्राफी. कंबर टेपनं मोजली, 108 सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषाची 90 च्या आत हवी म्हणाले. मग रिपोर्ट बघून ग्लिमेपिराइड निम्मी केली आणि म्हणाले, "आता कमी खायला सुरुवात करा." उद्दिष्ट दिलं सहा महिन्यांत पाच ते नऊ किलो. खरं सांगतो, मी हिरमुसलो. शेकवाल्यांनी एवढं महिन्याभरात सांगितलं होतं.

दोन आठवड्यांनी साडेतीन किलो उतरवून छाती काढून गेलो. शाबासकी राहिली बाजूला, पेन खाली ठेवून विचारलं, "रात्री जेवता ना?" जेवत नव्हतोच, चोरून. यातलं बरंचसं पाणी आहे, म्हणाले, आणि असं भराभर उतरवलं तर स्नायू झडतात, पित्ताशयात खडे होतात. आठवड्याला अर्धा ते एक किलो, त्याहून जास्त दिसलं तर आधी फोन करायचा.

आहाराचा छापील कागद एका आहारतज्ज्ञांकडून मिळाला होता. ओट्स, ब्रोकोली, किन्वा. आमच्या बाजारात वाली मिळते, लाल माठ मिळतो. डॉक्टरांनी कागद उलटा करून मागे लिहिलं: उकड्या भाताची एक वाटी, मुळात तीन असायची. सकाळची पेज बंद, त्याऐवजी दोन अंडी किंवा कुळथाची पिठी आणि एक भाकरी. मासे रोज चालतील, पण रव्यात तळून नाही. बांगड्याचं तिखलं करा, तारली भाजा. सोलकढीतला नारळाचा रस गेला, फुटी कढी राहिली. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सगळी मदार सुक्यावर. तिथं खाऱ्या बांगड्यावर फुली पडली, मिठामुळे. ती फुली मला सगळ्यात जास्त लागली. आणि आई रोज सुनेला ऐकवायची, "झिलाक उपाशी मारतंस काय गो?"

चतुर्थीला मोदक मोजले नाहीत. दीड किलो वाढला. डॉक्टर नुसते हसले.

ऑक्टोबरात ग्लिमेपिराइड पूर्ण बंद झाली, शुगरची दुसरी गोळी, मेटफॉर्मिन, चालू आहे. नोव्हेंबरात दुकानात खालच्या फळीवरून खिळ्यांचा डबा काढून उभा राहिलो की डोळ्यांपुढे अंधारी यायची. मी मनाशी धरलं, अशक्तपणा, थोडं जास्त खाऊ. त्यांनी आडवं झोपवून बीपी घेतलं, मग उभं करून. उभ्यानं वीस-बावीस अंकांनी पडत होतं. वजनाबरोबर बीपीही उतरलं होतं, गोळी मात्र 94 किलोच्या माणसाचीच चालू होती. निम्मी केली, आठवड्यात अंधारी गेली.

डिसेंबर-जानेवारीत सहा आठवडे काटा 86 वर रुतला. तेव्हा शुगर आणि वजन उतरवणाऱ्या मौंजारोच्या इंजेक्शनचं विचारलं. मार्च 2025 पासून भारतात मिळतं आणि ओळखीतला एक जण घेतो. डॉक्टरांनी उडवून लावलं नाही. मळमळ, बंद केल्यावर परत वाढणारं वजन, घरात कोणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का, स्वादुपिंडाला कधी सूज होती का, सगळं विचारून म्हणाले, "आधी पाय बळकट करू." चिवल्याच्या किनाऱ्यावर वाळूत पाऊण तास चालत होतोच, त्यात खुर्चीवरून हात न टेकता तीस उठाबशा आल्या. फेब्रुवारीत काटा हलला.

तक्रारी आहेत. दर खेपेला अर्धा दिवस दुकान बंद, दोन-दोन तास बाकड्यावर. तपासण्यांचा खर्च औषधांपेक्षा जास्त झाला. पण शेवटचं एचबीएवनसी 6.6 आणि कंबर 98, तेव्हा पैसे गेले असं म्हणवत नाही.

पुढची खेप एप्रिलात. हापूसचं विचारलं तर म्हणाले, अर्धा, तोही भाताच्या वाटीतून वजा करून. रायवळ चोखून खाल्ला तर तो कसा मोजायचा, ते विचारायचं राहिलं.