खोदकामाचं किट की मिठाची कणीक?

डायनोसॉरचं वेड लागलेलं चार-पाच वर्षांचं पोर घरात असलं की हा प्रश्न येतोच. किटमध्ये ठोकळा खरवडून आत पुरलेला डायनोसॉरचा सांगाडा बाहेर काढायचा, तर मिठाच्या कणकेत वस्तू दाबून जीवाश्मासारखे ठसे उमटवायचे. आमच्याकडे दोन्ही प्रकार झालेत.

किटची मजा नाकारण्यात अर्थ नाही. ठोकळ्यातून शेपटीचं टोक डोकावतं तेव्हा पोरगी जी किंचाळते, ते सुख कणकेत नाही. डब्यावर हटकून टी-रेक्स असतो, ही माझी बारीकशी कुरबुर. गुजरातेत रायोलीला हाडं सापडलेला आणि 2003 मध्ये नाव मिळालेला आपला राजासॉरस मला तरी कुठल्या डब्यात दिसला नाही.

पण ती धूळ! पिठासारखी पांढरी भुकटी. वर्तमानपत्र अंथरा, पंखा बंद ठेवा, तरी ती पोरांच्या पापण्यांवर, सोफ्याच्या शिवणीत आणि रात्री उशीवर सापडतेच. ठोकळा ओला करून खरवडला तर धूळ बसते, पण हातभर राडा होतो, आणि तो बेसिनमध्ये धुतला की पाइपात जाऊन बसतो. बादलीत हात धुवा, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी ओता, गाळ कचऱ्यात टाका. एवढं सगळं मोठ्यांनीच करायचं, तेही पोरगी पुढच्या खेळाकडे वळल्यावर. ज्यांच्याकडे गच्ची आहे त्यांना कदाचित याचं काहीच वाटणार नाही. आम्ही फ्लॅटमधली माणसं. भेट आलेलं दुसरं किट न फोडताच आजोळी पाठवलं, तिथे अंगण आहे.

कणकेला दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि बेताबेताने पाणी. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट भिजवा. शिंपला, खेळण्यातल्या डायनोसॉरचा पाय, पिंपळाचं पान, काहीही दाबा. पान मात्र शिरांची बाजू खाली करून, नाहीतर रेषा उमटत नाहीत. पावसाळ्यात हे ठसे वाळता वाळत नाहीत, मीठ ओल धरतं. आणि दिसेल ते तोंडात घालणाऱ्या मुलाला इतकं खारट पीठ हातात देऊ नये.

तरी माझं मत, विचाराल तर, कणकेकडे झुकतं. किटमध्ये जीवाश्म आयता पुरलेला असतो. इथे चिखलात पाऊल रुतणं, मग तो वाळणं, हे पोरांच्या हातून घडतं.

शिवाय कणकेत शीसुद्धा करता येते! चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरच्या विष्ठेचे जीवाश्म मिळतात. त्यांत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण असल्याचं 2005 मध्ये प्रसिद्ध झालं. तोवर डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं असाच समज होता. आम्ही कणकेत चिरलेलं गवत, बडीशेप, मोहरी कोंबून लांबोडे गोळे वळतो आणि उन्हात ठेवतो. कडक झाले की लाटण्याने फोडायचे आणि जुन्या टूथब्रशने झाडत ‘यानं काय खाल्लं होतं?’ ते शोधायचं. शी म्हटलं की शेजारची पोरंही न बोलावता येतात.