धान्याच्या डब्यात लवंग-निलगिरीचं तेल: येळवशीपासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते. पाच-दहा किलोच्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, धान्य खडखडीत वाळलेलं आणि मुळात स्वच्छ असेल तर ही तेलं कामाची आहेत. ज्वारीच्या कोठीत ती जवळजवळ वाया जातात. आणि दाण्याच्या आत कीड शिरून बसली असेल, तर वासाच्या तेलानं काही होत नाही.

आम्ही लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातले. वर्षाचं धान्य घरात भरून ठेवायची पद्धत आमच्याकडे अजून टिकून आहे. येळवस (मार्गशीर्षातली वेळ अमावस्या) झाली की तूर घरात येते, मग हरभरा, आणि होळी-पाडव्यापर्यंत गहू आणि शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी. जुन्या माळवदाच्या घरात भिंतीतलं बळद होतं, शेतात जमिनीखालचं पेव होतं. आता पत्र्याच्या कोठ्या आहेत आणि त्यांना वेगळी खोली नाही. माणसं झोपतात तिथेच भिंतीला लागून कोठी उभी असते. म्हणूनच धान्यात टाकायच्या त्या विषारी गोळ्यांची मला भीती वाटते. ॲल्युमिनियम फॉस्फाइडला हवेतला दमटपणा लागला की त्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि त्या वायूवर उतारा म्हणून कुठलंच औषध नाही. ही गोळी प्रशिक्षित माणसानंच, बंद गोदामात वापरायची असते. तरीही लोक फडक्यात बांधून ती घरातल्या कोठीत ठेवतात आणि शेजारी लेकरं झोपवतात. आमच्या घरी हे होऊ द्यायचं नाही, एवढं एक पक्कं ठरवून मी तेलांकडे वळले.

एक फरक आधीच समजून घेतलेला बरा, कारण दुकानदारसुद्धा दोन्हीला ‘नैसर्गिक तेल’च म्हणतो. एरंडेल, करंज, कडुनिंबाच्या लिंबोळ्यांचं तेल ही घाण्याची, स्निग्ध तेलं. ती दाण्याला चिकटून राहतात. लवंग, निलगिरी, गवती चहा, पुदिना यांची तेलं वाफेवर काढलेली असतात आणि ती उडून जातात. त्यांचं कामच उडण्यावर चालतं. किडा अंगावरच्या बारीक छिद्रांतून श्वास घेतो, तिथून ही वाफ आत जाते आणि त्याच्या मज्जासंस्थेवर परिणाम करते. लवंगेतलं युजेनॉल, निलगिरीतलं सिनिओल, गवती चहातलं सिट्रल ही त्यातली मुख्य द्रव्यं. भरपूर वाफ कोंडली तर किडा मरतो, थोडी असेल तर नुसता लांब राहतो. घरच्या डब्यात बहुतेक वेळा दुसरीच गोष्ट घडते, आणि तेवढीच अपेक्षा ठेवावी.

माझी पद्धत साधी होती. कापसाच्या बोळ्यावर चार-पाच थेंब टाकायचे, बोळा मलमलच्या फडक्यात पुरचुंडी करून बांधायचा आणि धान्यावर ठेवून झाकण घट्ट लावायचं. तेल धान्यावर थेट कधीच टाकलं नाही. या बाटल्यांवर ‘केवळ बाह्य वापरासाठी’ असं छापलेलं असतं आणि ते खरं मानावं. सोबत त्याच धान्याचा एक डबा तेलाविना ठेवला. शेजारी साधा डबा असल्याशिवाय गुण तेलाचा की वाळवणाचा, हे कळायचं कसं?

सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते तुरीत. आमची तूर बीडीएन ७११, बदनापूरच्या संशोधन केंद्राचं पांढऱ्या तुरीचं वाण. तुरीचा भुंगा घरात येऊन लागतो असं पुष्कळांना वाटतं. खरं तर तो शेतातूनच आलेला असतो. शेंगा पक्व होत असताना मादी त्यांच्यावर अंडी घालते आणि आपण तूर पोत्यात भरून किडीसकट घरी आणतो. अळी अंड्यातून निघते ती थेट दाण्यात शिरते, आतच खाऊन मोठी होते आणि भुंगा होऊन गोल भोक पाडून बाहेर पडते. आपल्या हवेत हे सगळं महिनाभरात उरकतं. बाहेर आलेला भुंगा धान्य खात नाही, थोडेच दिवस जगतो, पण तेवढ्यात मादी दाण्यांवर पांढऱ्या ठिपक्यांसारखी ढीगभर अंडी चिकटवते. पिढी बदलली की एकाचे अनेक होतात. म्हणून संक्रांतीला चांगली दिसणारी तूर आखाडात चाळणीसारखी होते.

लवंगेच्या तेलाच्या डब्यातूनही पहिल्या महिन्यात भुंगे निघालेच. शेतातून आलेल्या अळ्या दाण्याच्या आत सुरक्षित होत्या, त्यांच्यापर्यंत वाफ फारशी पोचत नाही. आमच्या चुलत सासूबाईंनी डबा बघून एका वाक्यात सांगितलं, “पोरी, वास बाहेरच्या किड्याला येतो, दाण्यात कोंडलेल्या अळीला न्हाई येत.” पण त्यापुढचा फरक मात्र स्पष्ट होता. तेलाच्या डब्यात निघालेले भुंगे सुस्त पडलेले, बरेचसे मेलेले, आणि दाण्यांवर नवे पांढरे ठिपके अगदी तुरळक. साध्या डब्यात ठिपक्यांची नुसती पेरणी झालेली. पावसाळा लागला तोवर साध्या डब्यातली तूर जनावरांपुढे टाकायच्या लायकीची झाली, आणि लवंगेच्या डब्यातली निवडून, पाखडून वरणाला चालली. गवती चहाच्या तेलाचा निकाल याच्या खालोखाल. निलगिरीचा वास उघडताना सगळ्यात झणझणीत, पण तो ओसरतोही लवकर.

आता खरी तुलना. आणखी एका डब्यात त्याच तुरीला एरंडेल चोळून ठेवलं होतं, किलोला पाच-सात मिली, म्हणजे क्विंटलला अर्धा-पाऊण लिटर, हा आपल्याकडचा नेहमीचा हिशेब. तो डबा लवंगेपेक्षा सरस निघाला. एरंडेलाचा पातळ थर दाण्यावरच्या अंड्याचा श्वासच कोंडतो, आणि गुळगुळीत दाण्यावर मादीला नवी अंडीही नीट चिकटवता येत नाहीत. शिवाय ते उडून जात नाही, एकदा लावलं की पुढचे कितीतरी महिने बघायला नको. खर्च तर विचारूच नका, लवंगेच्या तेलाच्या छोट्या बाटलीच्या पैशात एरंडेल बरंच येतं. अख्ख्या कडधान्यासाठी मी तरी पुन्हा एरंडेलाकडेच वळले आहे. आणि डाळ भरडून ठेवली असेल तर यातलं काहीच फारसं लागत नाही. या भुंग्याला अंडी घालायला अख्खा दाणा हवा असतो, भरडलेल्या डाळीला तो क्वचितच लागतो. आपल्या आज्या तूर घरात आली की लगेच जात्यावर बसायच्या, त्यामागे हेही कारण असणार.

ज्वारीच्या कोठीबद्दल थोडक्यात. एक क्विंटल ज्वारी साधारण सव्वाशे ते दीडशे लिटर जागा व्यापते आणि त्यातली चाळीस टक्क्यांच्या आसपास जागा दाण्यांच्या मधली हवा असते. एवढी हवा वासानं भरायची तर चार-पाच पुरचुंड्यांनी काय होणार? त्यात ज्वारीचा दाणा स्वतःच वाफ शोषून घेतो. प्रयोगशाळेत रिकाम्या बरणीत जो थेंब किड्याला मारतो, तोच थेंब धान्यानं भरलेल्या बरणीत कमी पडतो, त्याचं कारण हेच. कोठीचं झाकण उघडलं तर वरचा थर छान, वासही भरपूर. खालच्या तोंडातून मूठभर ज्वारी काढली तर हातावर सोंडे चालायला लागले आणि सोबत पीठ पडलेलं. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून बूच लावते. ते डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला वासही पोचत नाही. कोठीसाठी मला उपयोगी पडलं ते जुनंच काम: धान्य भरण्याआधी कोठी रिकामी करून कानाकोपरे झाडून घेणं, तळाला उरलेली मागच्या सालची मूठभर ज्वारीसुद्धा न ठेवणं, आणि दाणा दाताखाली कटकन वाजेपर्यंत वाळवणं. गहू-ज्वारीत ओलावा बारा टक्क्यांच्या आत आणि कडधान्यात नऊ-दहाच्या आसपास असला की किडीचं अर्धं बळ तिथेच संपतं.

तेलाचा सगळ्यात चांगला उपयोग झाला तो स्वयंपाकघरातल्या लहान डब्यांत. अख्खा मूग, चवळी, मटकी, राजमा यांच्या डब्यात लवंगेची पुरचुंडी. शेल्फच्या कोपऱ्यात आणि डब्यांच्या मागे निलगिरीचा बोळा. तिथे मुंग्या आणि ते बारीक तपकिरी किडे या पावसाळ्यात फिरकले नाहीत म्हटलं तरी चालेल. वासाचं मात्र भान ठेवावं लागतं. तांदूळ आणि रवा वास फार लवकर धरतात. गवती चहाच्या तेलाजवळ ठेवलेल्या रव्याचा उपमा केला तर घरात चहा उकळल्यासारखा वास येत होता आणि लेकरांनी ताट सरकवून दिलं. पिठाच्या डब्यात तर कुठलंच तेल ठेवू नये. तुरीच्या वरणाला लवंगेचा किंचित वास खपून जातो, निलगिरीच्या वासाची भाकरी नाही खपत. डबा वापरायला काढायच्या आदल्या दिवशी धान्य सुपात पसरून वाऱ्यावर ठेवलं की वास बराच जातो.

आपल्याकडच्या उन्हाचाही विचार करायला हवा. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखालची खोली भट्टीसारखी तापते, तेव्हा बोळा आठवड्याभरात कोरडा पडतो. पावसाळ्यात तोच पंधरा दिवस वास धरून राहतो. म्हणजे जूनपर्यंत तेलाचा खर्च जास्त आणि किडीचा जोर कमी. म्हणून मी उन्हाळ्यात तेल बंद ठेवून उन्हालाच कामाला लावलं. काळ्या प्लास्टिकच्या कागदावर तुरीचा पातळ थर, वरून पारदर्शक कागद, कडा दगडांनी दाबलेल्या. भर दुपारी आतलं तापमान साठ अंशांच्या आसपास जातं आणि तासभर ते टिकलं तर दाण्यातल्या अळ्यांसकट सगळं मरतं. जिथे तेलाची वाफ पोचत नाही तिथे ऊन पोचतं. ऊन दाखवलेली तूर गार करून डब्यात भरली आणि मग आर्द्रा लागताना लवंगेची पुरचुंडी ठेवली, तो डबा दिवाळीपर्यंत सगळ्यात चांगला राहिला. तेल एकटं अपुरं पडतं, पण उन्हानंतर राखणीला ठेवलं तर त्याचं मोल कळतं.

खरेदी करताना सावध राहा. एका दुकानातून आणलेलं ‘शुद्ध लवंग तेल’ निघालं भेसळीचं. ओळखायची सोपी रीत अशी: कोऱ्या कागदावर एक थेंब टाकून रात्रभर ठेवा. वाफेवर काढलेलं तेल उडून जातं, फार तर पुसटसा रंग राहतो. कागद पारदर्शक तेलकट राहिला तर त्यात घाण्याचं तेल मिसळलंय. बाटली गडद काचेची घ्या आणि सावलीत ठेवा. थर्माकोलच्या वाटीत तर ही तेलं काढूच नका, निलगिरीनं थर्माकोल विरघळतो.

लेकरांच्या बाबतीत मात्र मी अजिबात सूट देणार नाही. ‘नैसर्गिक’ हा शब्द वाचून आपण निर्धास्त होतो. निलगिरीचं तेल लहान मुलाच्या पोटात थोडं जरी गेलं तरी झटके येऊ शकतात. बाटली औषधांसारखी उंचावर, कुलपात ठेवायची. हे तेल पेट घेतं, म्हणून चुलीजवळ किंवा शेगडीजवळ बोळे भिजवत बसू नका. वेखंडाचं तेल किडीवर जबरदस्त चालतं असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. किडीवर ते चालतंही. पण त्यातल्या बीटा-असारोनमुळे प्राण्यांवरच्या प्रयोगांत गाठी झाल्याचं आढळलं आणि अमेरिकेनं वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला १९६८ साली बंदी घातली. आपल्याकडे वेखंड घराघरात असतो, तरी त्याचं तेल खायच्या धान्याजवळ मी ठेवणार नाही.

यंदाची तूर आली की मोठा वाटा लगेच भरडून घेणार, खायची अख्खी तूर ऊन देऊन एरंडेल लावून ठेवणार, आणि लवंगेचं तेल फक्त स्वयंपाकघरातल्या मूग-मटकीच्या डब्यांपुरतं आणणार. निलगिरी शेल्फसाठी ठेवीन. गवती चहाचं पुन्हा घेणार नाही.

बियाणासाठी राखलेल्या तुरीजवळ यातलं एकही वासाचं तेल नेऊ नका. किडीला त्रास देणारी हीच द्रव्यं बियाच्या अंकुरालाही मारक ठरू शकतात, सिट्रल तर त्यासाठी ओळखलंच जातं. बियाणं वेगळ्या डब्यात, वाळवून, वासापासून लांब. आणि पेरणीआधी सोयाबीनचं करतो तसंच ओल्या गोणपाटात शंभर दाणे मोजून गुंडाळून ठेवा. किती उगवले ते बघा आणि मगच एकरी किती बियाणं लागेल ते ठरवा.